बुडापेस्ट रद्द

१८ जानेवारी, रविवार

वकिलाकडे डायऱ्यांची कमी नसते. एकीत माझे कारकून नत्थुजी केसच्या तारखा लिहितात, एकीवर सीमा गरम पातेलं ठेवते, उरलेल्या रद्दीत जातात. यंदा एक मी स्वतःसाठी ठेवली, कारण हातात एक प्रकरण असं आलंय की त्याबद्दल बार रूममध्ये तोंड उघडता येत नाही. ॲड. उद्धव गावंडे, वय एकोणपन्नास, राहणार अमरावती, विरुद्ध त्यांची कन्या जुईली, वय सोळा. वाद कशाचा ते दोन्ही पक्ष सांगत नाहीत, तरी तो सुरू आहे.

सीमा, म्हणजे माझी बायको, अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडते ती शनिवारीच उगवते. मधले दिवस घरात मी आणि जुईली. आठवी-नववीत असताना ही मुलगी स्कूटरवर मागे बसून इर्विन चौकापासून घरापर्यंत मला काही ना काही सांगत यायची. हेल्मेटमुळे मला अर्धं ऐकूही येत नसे, मी नुसता हो हो करायचो. आता तिच्याकडे माझ्यासाठी तीनच शब्द उरलेत: 'हो', 'नाई' आणि 'चालते'. त्यातल्या 'नाई'ला मी 'नाही म्हण' असं सांगतो. मग ती तेही म्हणत नाही.

पुढच्या वर्षी बारावी, म्हणजे घरात संचारबंदी. त्यानंतर ती पुण्याला नाहीतर आणखी कुठे जाईल आणि सणावाराला पाहुणी म्हणून येईल. माझ्या हातात हा एकच उन्हाळा आहे. कोर्टाला सुट्टी, तिला सुट्टी, सीमाच्या मागे मात्र पेपर तपासणी. म्हणून मी ठरवलंय: जुईली आणि मी, दोघंच, दहा दिवस युरोप. अनोळखी देशात तिला बोलायला माझ्याशिवाय कोणी नसेल. मला माझी मुलगी परत पाहिजे, एवढाच माझा दावा आहे. गाव तेवढं बरोबर निवडलं पाहिजे.

२४ जानेवारी, शनिवार

राजकमल चौकातल्या प्रीतमच्या ट्रॅव्हल्समध्ये जाऊन आलो. प्रीतमनं खुर्ची पुसून दिली आणि स्वित्झर्लंड काढलं.

"साहेब, आपले सारे लोक स्वित्झर्लंडलेच जातात. वरतं बर्फात पोहे देतो ना आपन. तर्रीसकट."

इतक्या लांब जाऊन, अंगावर तीन स्वेटर चढवून, पुन्हा अमरावतीच्याच लोकांच्या रांगेत तर्रीसाठी वाटी धरायची असेल तर मी घराखालच्या टपरीवर स्वेटर घालून उभा राहीन. मी नको म्हटलं. प्रीतमला वाईट वाटलं. त्यानं असा माणूस पाहिला नसावा.

शेवटी तीन गावं निघाली. पॅरिस, प्राग आणि बुडापेस्ट. पॅरिसला माझे साडू भगवंतराव जाऊन आलेत. टॉवरचं टोक चिमटीत धरलेला त्यांचा फोटो सगळ्या नातेवाइकांनी पाहिलाय, काहींनी लग्नाच्या पंगतीत, पळता येत नसताना. प्राग सुंदर आहे म्हणतात. पण माझं मन बुडापेस्टवर आहे. एकतर तिथं आमच्या दोन्ही घराण्यांतलं कोणी गेलेलं नाही. दुसरं म्हणजे ते अमरावती-बडनेऱ्यासारखं दोन गावं जोडून केलेलं एक गाव आहे, बुडा आणि पेस्ट, फक्त मधून नदी जाते आणि ती बारा महिने वाहते. संध्याकाळी तिथं पुलावर उभं राहून बाप-लेक बोलतात असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं.

घरी येऊन जुईलीला तिन्ही नावं सांगितली. मोबाइलवरून नजर न काढता तिनं ती पुन्हा म्हटली, "पॅरिस, प्राग, बुडा. चालते."

"तीनपैकी कुठलं चालतं?"

"कोन्तंई."

"कोणतंही," मी म्हणालो. ती आत निघून गेली.

१ फेब्रुवारी, रविवार

आम्ही तिघं गावी गेलो होतो, मूर्तिजापूरच्या अलीकडे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, युरोपचं ऐकून घेतलं आणि तिकडे पराटी होते का ते विचारलं. कपाशी होत नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. आई महानुभाव पंथाची. तिनं विचारलं, तिकडे रिद्धपूरसारखं काही हाये का. रोमला त्या लोकांचं तसं आहे म्हटलं. "मंग रोमले जा ना बाप्पा," ती म्हणाली. रोम यादीत नाही हे कळल्यावर तिनं विषय सोडून वांगी चिरायला घेतली.

आई आबांना बुडा म्हणते. 'बुडा आईकत नाई', 'बुड्याले चहा दे', 'बुडा कुठी गेला'. नाव घ्यायचं नाही म्हणून सूर्यभान या चांगल्या नावाची ही गत. आमच्या भागात म्हातारा झालेला बाप घरोघर बुडा होतो, पोरांच्या तोंडीही तेच असतं. जेवताना मी विनोद केला की बुडापेस्ट म्हणजे आबांच्या कवळीची पेस्ट. आबा खूप हसले. जुईलीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे पाहिलं. कालच रंगवलेत, तिच्या लक्षात आलं असावं. बरं वाटलं.

दुपारी ती आबांसोबत गोठ्यात बसली होती. मी झोपेतून उठलो तर तिचा आवाज अंगणात ऐकू येत होता. "मंग मी तिले म्हनलं, तू कावून मधात बोलून राहिली, तुले कोनं इचारलं?" आबा ठसका लागेपर्यंत हसत होते. काय गोष्ट आहे म्हणून मीही जाऊन बसलो आणि बसता बसता म्हणालो, "तिला. तुला. कोणी विचारलं." गोष्ट तिथंच थांबली. आबा म्हणाले, "बस रे भाऊ वकीलसाहेब, म्हैस बिचकते."

माझं म्हणणं चुकीचं नाही. घरात वऱ्हाडी बोलायची आणि पुण्यात जाऊन तोंडघशी पडायचं, हे मी पाहिलेलं आहे. तिथल्या हॉस्टेलात माझा एक 'मले' लोकांना महिनाभर पुरला होता.

८ फेब्रुवारी, रविवार

आज जेवणाच्या टेबलावर रीतसर सुनावणी घेतली. सीमा न्यायाधीश. मी आधी पॅरिसतर्फे, मग प्रागतर्फे, शेवटी बुडापेस्टतर्फे युक्तिवाद केला. नकाशे लावले होते. बुडापेस्टला गरम पाण्याची सार्वजनिक कुंडं आहेत, त्यात म्हातारे लोक पाण्यात बसून बुद्धिबळ खेळतात, हे सांगितलं तेव्हा जुईलीनं एकदा मान वर केली. ही नोंद महत्त्वाची आहे.

"तुझं मत?" मी विचारलं.

"चालते."

"चालतं. आणि हे उत्तर नाही झालं."

सीमानं निकाल राखून ठेवला आणि वरणात लिंबू पिळायला घेतलं.

११ फेब्रुवारी

पुरावा मिळाला. तोही थेट.

कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो होतो. टाकीमागे जुईली तिच्या दामिनी नावाच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. चोरून ऐकणं वाईट हे मला माहीत आहे, पण ओली चादर पिळत उभा असलेला माणूस जाणार कुठे? ती म्हणाली, "बाकी कुठंई चालते मले, यार. पॅरिस चालते, प्राग चालते. बस, बुडा नको." मग तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण ती पुन्हा म्हणाली, "नाई ना, डोकं खाते. दहा दिवस कोन सहन करन?"

दहा दिवस. म्हणजे तिनं बुडापेस्टबद्दल इंटरनेटवर वाचलंय आणि ते कंटाळवाणं आहे असं तिचं मत झालंय. मला वाटलं होतं तिला यात काही रसच नाही, आणि पोरगी गुपचूप अभ्यास करून ठाम मतापर्यंत पोचली आहे. वकिलाचं रक्त आहे शेवटी. मन भरून आलं.

माझं आवडतं गाव गेलं, त्याचं थोडं वाईट वाटलं. तो पूल, ती नदी. पण बापानं लेकीसाठी एवढं सोडलं तर काय झालं. चादर तशीच पिळलेली दोरीवर टाकून मी आवाज न करता खाली आलो.

१२ फेब्रुवारी

जेवताना जाहीर केलं, "बुडापेस्ट रद्द."

जुईली भाकर मोडता मोडता थांबली. "कावून?"

"का, म्हणावं. कारण काही नाही. मला वाटलं, नको."

"मले तर तेच आवडलं होतं. ते बुद्धिबळवाले पान्यातले."

साक्षीदार फितूर. काल गच्चीवर नको आणि आज टेबलावर तेच आवडलं होतं. मुलींना या वयात स्वतःचं मन कळत नाही असं मासिकात वाचलं होतं, ते खरं आहे. मी हसून म्हणालो, "मला सगळं माहीत आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायलो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्राग ठरल्यात जमा. रोज जेवताना मी तिला तिथला थोडा इतिहास सांगतो, म्हणजे तिथं गेल्यावर वेळ जायला नको. तिचा जेवणाचा वेग वाढला आहे. आधी पंधरा मिनिटं बसायची, आता मी चौदाव्या शतकात पोचायच्या आत ताट घासायला पडलेलं असतं. भूक वाढली, हे चांगलं लक्षण आहे.

सीमा आल्यावर तिला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला जायचं आहे. प्रीतम तारीख पक्की करू का विचारत होता. मी घरी येऊन सांगितलं, तर जुईली दारात उभी राहून म्हणाली, "मले नाई यायचं. तुमी जा."

मी दुरुस्तसुद्धा केलं नाही. सुचलंच नाही.

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी सोफ्यावर बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, हे इथं लिहायला हरकत नाही, ही डायरी नत्थुजी वाचत नाहीत.

सीमा शेजारी येऊन बसली. "तुम्ही तिच्याशी बोलता का कधी?"

"रोज बोलतो. पंधरा-पंधरा मिनिटं बोलतो."

"तेच," सीमा म्हणाली, आणि मला चहा हवा का विचारलं. यातलं 'तेच' मला अजून कळलेलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

आज कोर्टात जे झालं ते क्रमवार लिहून ठेवायला पाहिजे.

पंजाबरावांच्या वाटणीचा दावा. मी पंजाबरावांतर्फे. साक्षीला त्यांची बहीण सिंधूबाई, समोरच्या बाजूकडून. नवीन न्यायाधीश मॅडम पुण्याकडच्या, महिन्यापूर्वीच बदलून आल्यात. मी उलटतपासणीला उठलो. बाईंना त्यांच्या हिश्श्याचं शेत हवंच होतं, हे मला त्यांच्या तोंडून काढायचं होतं. सगळा सापळा त्यावर रचला होता.

"म्हणजे तुम्ही भावाकडे वावर मागितलं," मी म्हणालो.

"नाई मांगतलं," सिंधूबाई म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. वावर नको मले. बुडा द्या."

मॅडम लिहून घ्यायला सांगता सांगता थांबल्या. "बुडा म्हणजे काय? शेतीतलं काही अवजार आहे का?"

कोर्टात हशा झाला. सिंधूबाई हसल्या नाहीत. अशा वेळी भाषेचा जाणकार म्हणून सगळे माझ्याकडे पाहतात, आणि मला ते आवडतं. मी कोट सरळ केला. "मॅडम, बुडा म्हणजे वडील. आमच्या वऱ्हाडात बापाला बुडा म्हणतात."

"म्हणजे वृद्ध वडील. तसं नोंदवू?"

"वृद्ध असण्याची गरज नाही, मॅडम," मी म्हणालो. माझा आवाज चांगला लागला होता. "पोरं मोठी झाली की बाप बुडा होतो. चाळिशीतला असला तरी. काळे केस असले तरी. पोरं आपापसात, म्हणजे मित्र-मैत्रिणींत, फोनवर बोलताना..."

पुढचं वाक्य माझ्याकडे होतं, पण ते मी म्हटलं नाही. मॅडमनी विचारलं, "फोनवर बोलताना काय, वकीलसाहेब?" मी म्हणालो, "काही नाही, मॅडम. आणखी प्रश्न नाहीत." आणि बसलो. पंजाबराव माझ्या कानात काय काय बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी ती पिळलेली चादर पाहत होतो.

पॅरिस चालते. प्राग चालते. बस, बुडा नको.

७ मार्च, शनिवार

मला लागलं. फार लागलं. शेत सोडून बाप मागणारी एक मुलगी मी काल पाहिली, आणि तिलाच खोटी पाडायला उभा होतो. माझी मुलगी पॅरिससुद्धा घ्यायला तयार आहे, भगवंतरावांच्या चिमटीतलं, पण मी नको.

केस रंगवायचा आजचा दिवस होता. रंगवले नाहीत.

सीमाला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की उशीत तोंड घालावं लागलं. मग माझा चेहरा पाहून थांबली. मी म्हणालो, "तू जा तिच्यासोबत. पेपर कोणाला तरी दे तपासायला. तिला जायला मिळालं पाहिजे." ती म्हणाली, "आधी तिला सांगा. आणि सांगताना पंधरा मिनिटं घेऊ नका."

१० मार्च

येताना गिला वडा आणला, दही जास्तीचं घालून. टेबलावर ठेवला. जुईली आली, बसली. मी म्हणालो, "तुझ्यासोबत आई येईल. मी नाही येत."

"कावून?"

'का' माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. "कोर्टाची कामं आहेत."

"मे मदी तर कोर्ट बंद असते, बाबा."

सरळ सापडलो. इतकी वर्षं या धंद्यात काढून सोळा वर्षांच्या मुलीच्या एका प्रश्नात मोडलो. मग जे तोंडातून आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. "मी आईकलं होतं," मी म्हणालो. "गच्चीवर. तू दामिनीले सांगून राहिली होती. बुडा नको म्हून."

तिचा हात वड्यावरच राहिला. ती लाल झाली. मग तिचे डोळे बारीक झाले. "तुमी आत्ता 'दामिनीले' म्हनले."

"म्हनलं असन."

"आन मंग म्हून तुमी बुडापेस्ट काटलं?"

मी मान हलवली. ती हसायला लागली. हसता हसता दही टेबलावर, तिच्या कुर्त्यावर, नकाशावर. मीही हसलो. पण मला वाईट वाटलं होतं, तेही तिला सांगितलं. तेव्हा ती थांबली, आणि बोटानं टेबलावरचं दही गोळा करत म्हणाली, "मी काई सांगाले लागली का तुमी पहिले शब्द पकडता. 'मले' नाई, 'मला'. मंग मी काय सांगून राहिली होती तेच राहून जाते. तुमी तिथं टॉवरवर चढून बी मले दुरुस्त करसान. म्हून म्हनलं होतं नको."

मी युक्तिवाद करू शकलो असतो. पुण्याचं हॉस्टेल होतं, तिचं भविष्य होतं, मुद्दे भरपूर होते. मी म्हणालो, "मंग आता सांग. काय सांगून राहिली होती?"

"कधी?"

"कधीचंई."

तिनं थोडा वेळ पाहिलं, मी खरं बोलतोय का ते. मग सांगायला लागली. ट्यूशनमधला कोणी कुलदीप, त्याची स्कूटी, दामिनीचं काहीतरी, आणि आबांना हसवलेली ती गोठ्यातली गोष्ट, सुरुवातीपासून. अर्धं मला कळलं नाही, पण हेल्मेट नव्हतं, ऐकू सगळं आलं. वडे थंड झाले.

प्रवासाबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. जायचं तर तिनं आईसोबत जावं, हे मी बोललोय ते कायम आहे.

१४ मार्च, शनिवार

आम्ही तिघं प्रीतमकडे गेलो. केस आता कानाजवळ पांढरे दिसायला लागलेत. प्रीतमनं त्याबद्दल विचारलं नाही, पण आज खुर्ची पुसून झाल्यावर ती माझ्यासाठी ओढूनही दिली.

"मंग साहेब, फायनल सांगा. गाव कोन्तं, आन पोरीसंग कोन जाऊन राहिलं? मॅडम का तुमी?"

मी सीमाचं नाव सांगणार होतो. सीमानं टेबलाखालून माझा पाय दाबला. आम्ही दोघंही जुईलीकडे पाहायला लागलो. ती मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बुडा चालते."

प्रीतमनं बुडापेस्ट टाइप केलं. "हे झालं गावाचं. आन संग कोन?"

"सांगतलं ना आत्ता," जुईली म्हणाली.

प्रीतमला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला माझं नाव सांगितलं, आणि न विचारता वयही.